दार उघडे, पण कुत्रा कुठे?

फेफरे आलेल्याला कांदा हुंगवणाऱ्या आपल्या समाजाला मदतनीस कुत्र्याची कल्पना नवलाची वाटेल. अमेरिकेत तो हक्काचा विषय आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे असा कुत्रा दुकानात, हॉटेलात, बसमध्ये नेता येतो. दारावरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? दाखला मागता येत नाही. तरी नकली दाखले विकणारे आहेतच!

मला खटकते ते वेगळेच. कायदा दार उघडतो, कुत्रा देत नाही. शिकवलेल्या कुत्र्याला हजारो डॉलर पडतात आणि सरकारी मेडिकेअर त्यातला एकही देत नाही. शिवाय कुटुंबांना हवा असतो झटका आधी ओळखणारा कुत्रा. खात्रीने शिकवता येते ते नंतरचे: भुंकून घरच्यांना बोलावणे, शेजारी बसून राहणे, गजराचे बटण दाबणे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात पाच कुत्र्यांनी झटक्याच्या वेळचा गंध ओळखला. पण ते भाकीत नव्हे. तेव्हा भाकिताची हमी देणाऱ्याकडे पहिला हप्ता भरण्याआधी कुटुंबाने विचारावे, झटका आल्यावर हा कुत्रा नेमके काय करतो?