माकडताप आणि सीमेपलीकडचा मजूर

काजूचा हंगाम आला की बेळगाव जिल्ह्यातील मजूर घाट उतरून गोव्यात येतात, बागायतींत बोंडू वेचतात, बिया वाळवतात आणि पावसापूर्वी मजुरी गाठीला बांधून माघारी जातात. हा क्रम जुना आहे. त्यांच्यासोबत माघारी जाऊ लागलेले दुखणे मात्र नवे आहे. २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात माकडतापाची लागण झाली. पुढच्याच वर्षी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात ती दिसली. आणि गोव्यातील काजूच्या बागांत राबून परतलेल्या बेळगावकडील मजुरांनाही हाच ताप जडल्याची नोंद संशोधकांनी केली. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला १९५६ साली आखलेली सीमा आजही बोचते, २००४ पासून तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. सह्याद्रीच्या गोचिडीला मात्र या सीमेची दखल घेण्याचे कारण नाही.

हा आजार प्रथम ओळखला गेला तो १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात. माकडे मरून पडू लागली, मागोमाग माणसे तापाने फणफणली, आणि पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने त्यामागील विषाणू शोधून काढला. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप चढतो, डोके व अंग असह्य दुखते, काहींना रक्तस्राव होतो. ताप उतरून रुग्ण सावरला असे वाटत असतानाच काहींना तो पुन्हा येतो आणि या वेळी मेंदूवर घाला घालतो. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमके औषध नाही.

योगायोग असा की त्याच १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोन संशोधकांनी इंटरफेरॉन या द्रव्याचा शोध जाहीर केला. विषाणूने गाठलेली पेशी स्वतः वाचो न वाचो, शेजारच्या पेशींना सावध करते. त्यासाठी ती जे प्रथिन बाहेर सोडते ते इंटरफेरॉन. गावात दरोडा पडला असता पहिल्या घरातून उठलेली हाक असे त्यास म्हणता येईल. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर ही हाक ऐकणारा ग्राहक असतो. हाक पोहोचली की आतील प्रथिनांची साखळी जागी होते, एक दुसऱ्याला चेतवते, आणि ‘स्टॅट’ नावाची प्रथिने तो निरोप घेऊन केंद्रकात शिरतात. तेथे शेकडो जनुके कामाला लागतात आणि पेशी आपली दारे-खिडक्या लावून घेते. हे सारे काही तासांत घडते. रक्तातील प्रतिपिंडे तयार होण्यास तर कित्येक दिवस लागतात. पहिल्या घटकेची लढाई म्हणून या निरोपावरच अवलंबून असते.

विषाणूची लबाडी येथेच दिसते. माकडतापाच्या विषाणूचा संपूर्ण जनुकसंच अवघ्या अकरा हजारांच्या आसपास अक्षरांचा. त्यातून दहाच प्रथिने घडतात. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर जगणाऱ्याला प्रत्येक प्रथिनाकडून दोन-दोन कामे करून घ्यावी लागतात. त्यातील ‘एनएस-५’ हे प्रथिन विषाणूच्या जनुकसंचाच्या प्रती काढते आणि त्याच वेळी इंटरफेरॉनचा निरोपही अडविते, असे कॅनडातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. याच कुळातील डेंग्यूचा विषाणू आपल्या ‘एनएस-५’च्या साहाय्याने ‘स्टॅट-२’ या निरोप्याला धरतो आणि पेशीच्याच मोडीत काढण्याच्या यंत्रणेकडून त्याचा नाश करवितो. घरच्याच विळ्याने घरच्या माणसाचा गळा, असा हा प्रकार.

बेळगावच्या वाचकांना याचे आणखी एक उदाहरण घराजवळचे वाटेल. टिळकवाडीतील मोठे मैदान लोक आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने ओळखतात. देवीची लस तेथे तयार होत असे. त्या लशीतील व्हॅक्सिनिया विषाणूने तिसरीच युक्ती योजली आहे. इंटरफेरॉनचा निरोप ऐकणाऱ्या ग्राहकाची नक्कल असलेले एक प्रथिन तो पेशीबाहेर सोडतो. हाक त्या खोट्या कानातच जिरते आणि खरा कान बहिरा राहतो. ज्या विषाणूने मानवजातीला देवीपासून सोडविले तोही इतका बेरकी असावा, याचे आम्हांस नवल वाटल्यावाचून राहत नाही.

निपाणीच्या तंबाखूचेही या शास्त्राशी जुने नाते आहे. विषाणू नावाची काही वस्तू जगात आहे हे कळले तेच तंबाखूच्या पानांवरून. पानांवर हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी उमटविणाऱ्या रोगाचा रस, जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला तरी रोग पसरवितोच, हे रशियात इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली दाखविले आणि हॉलंडमध्ये बेयरिंक यांनी १८९८ साली त्यास जिवंत संसर्गाचे रूप मानले. शेंडे खुडणाऱ्या मजुराच्या हातांवरून हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. वनस्पतीला इंटरफेरॉन नाही. ती परक्या जनुकसंचाचे तुकडे करून स्वतःस वाचविते. आणि तंबाखूचा विषाणू काय करतो? ते तुकडे करण्याची यंत्रणाच निकामी करतो, तेही प्रती काढण्याच्या आपल्याच प्रथिनाकडून. झाड असो वा माणूस, शत्रूची पहिली चाल एकच.

या ज्ञानाचा खानापूरच्या मजुराला उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. सुरुवातीच्या दिवसांत धोक्याची सूचना दडपून विषाणू रक्तात मुबलक वाढतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात रक्त तपासले तर विषाणूचा जनुकसंच थेट सापडतो. नंतर प्रतिपिंडांचाच शोध घ्यावा लागतो. गोचीड सत्तरीत चावते आणि ताप चढेपर्यंत मजूर घरी पोहोचलेला असतो. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरने “गेल्या पंधरवड्यात कोठे होतास?” एवढे विचारले नाही तर हा ताप मलेरियाच्या किंवा डेंग्यूच्या खात्यात जमा होतो आणि बागेतील मेलेल्या माकडाची दखल कोणी घेत नाही.

लशीची कथा तर याहून खेदाची. बंगळूरच्या हेब्बाळ येथे मारलेल्या विषाणूची लस तयार होत असे आणि १९९० पासून ती कर्नाटकात टोचली जात होती. दोन मात्रा, मग काही महिन्यांनी आणखी एक, त्यापुढे वर्षावर्षाला पुन्हा, असा तिचा लांबलेला क्रम. तो पुरा करणारे गावकरी थोडेच. दोन मात्रांचा उपयोग सुमारे ६२ टक्के असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. लशीची शक्ती उतरल्याचे आढळल्यावर २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले आहे हे चांगलेच; परंतु साठ वर्षांहून अधिक काळ माहीत असलेल्या रोगावरील लस मोडीत निघेपर्यंत दुसरी हाताशी नसावी, ही शासनयंत्रणेची शोभा नव्हे. हा रोग श्रीमंतांच्या शहरांत पसरला असता तर इतकी वर्षे लागली असती काय, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो.

म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांचा वाद आहे, सीमेवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा. हे वाद ज्यांनी लढवायचे त्यांनी लढवावेत. सीमाभागातील मराठी माणसाच्या न्याय्य हक्काविषयी आमचे मत आम्ही कधी लपविले नाही. परंतु तापाने पडलेल्या मजुराची नोंद एका राज्याच्या वहीत आणि तो जेथे चावला गेला त्या बागेची दुसऱ्या राज्याच्या वहीत, हा प्रकार विषाणूच्या पथ्यावर पडणारा आहे. निरोप तोडण्याचे त्याचे काम मग आपणच करतो. सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूर या तीन तालुक्यांची एकच सामाईक नोंद हवी. बेळगावात वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. तिला या तीन तालुक्यांचा समन्वय सोपविण्याचा विचार व्हावा. खानापूरच्या गावांत लागणारी सूचनापत्रके कन्नडबरोबर मराठीतही असावीत. भाषेचा हट्ट म्हणून नव्हे, वाचता न आलेली सूचना ही सूचनाच नव्हे म्हणून. गोव्यातील बागायतदारांनीही मजुरांना अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारे तेल आणि कामाच्या शेवटी अंघोळीची सोय द्यावी. मेलेले माकड दिसताच कळविण्याची जबाबदारी मजुरावर न टाकता स्वतः घ्यावी. फेब्रुवारीत बोंडू पिकू लागतात. हे सारे त्यापूर्वी, जानेवारीच्या आतच व्हायला हवे.