रिमोटची गाडी रुसली तर

“महिन्याभरात गाडी बंद पडली हो, नवी घ्यावी का?” असं पुष्कळ जणी विचारतात. मैत्रिणींनो, घाई नको. आधी रिमोटमधले सेल बदलून पाहा. बोल लावतो गाडीला, नि दोष निघतो रिमोटचा! चाकांच्या दांडीत केसही गुंतलेले असतात (आपलेच, दुसऱ्या कुणाचे?). ते काढा. सेलच्या जागी पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरा थर दिसला, तर सेल काढून काडीला कापूस गुंडाळा, किंचित व्हिनेगरनं पट्ट्या पुसा, कोरड्या करा आणि हात धुवा.

पूर्ण चार्ज करूनही गाडी दोन मिनिटांत दमते? मग बॅटरीच संपली. नवी आणताना जुनी सोबत न्या. व्होल्ट तेच हवेत, ४.८ तर ४.८च. एमएएच थोडे जास्त असले तर उलट गाडी जास्त वेळ पळेल. प्लगच्या लाल-काळ्या तारांची बाजूही जुळवून घ्या. निकेलच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला मुळीच लावू नका, आग लागू शकते.

बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करायची नाही, दाबायची-टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. आणि गाडी चार्जिंगला लावून झोपायला जाऊ नका, पोरं कितीही रडोत.