शेवटची इच्छा कागदावर असू द्या

घरातला कर्ता माणूस अतिदक्षता विभागात आहे. बाहेर बाकड्यावर बायको, दोन मुले, लेक. डॉक्टर विचारतात, व्हेंटिलेटर लावायचा का? थोरला म्हणतो लावा, धाकटा म्हणतो आता हाल नकोत, बायको नुसती रडते. ज्याने सांगायचे त्याची वाचा गेलेली. दोन दिवसांनी माणूस जातो आणि दुसरा वाद उभा राहतो. बौद्धाचार्य येऊन थांबलेले असतात आणि गावाकडचा चुलता दहाव्याचे, पिंडाचे काढतो. आयुष्यभर बावीस प्रतिज्ञा सांगत फिरलेल्या माणसाच्या दारात श्राद्धाची भाषा सुरू होते. आपल्या वस्त्यांना हे चित्र नवे नाही. दोष एकट्या चुलत्याचा नाही. हयातीत लिहून न ठेवणाऱ्याचाही तो आहे.

मरणाचे बोलणे अभद्र, असे मानणाऱ्या परंपरेतून आपण बाहेर पडलो आहोत. महापरिनिब्बान सुत्तात आनंद भगवंतांना सरळ विचारतो की, आपल्या देहाचे आम्ही काय करावे? भगवंत प्रश्न टाळत नाहीत, उत्तर देतात. मग आपल्या घरात बापाला हा प्रश्न विचारायला मुलाची जीभ का अडखळते?

कायदाही आता आडवा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असे सांगून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत किचकट होती. त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावी. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, त्यांची नावे त्यात घालावीत. हा कागद केव्हाही रद्द करता येतो. आजार बरा होण्याची आशा उरली नाही आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, तेव्हाच तो लागू होतो. तेव्हाही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खात्री करावी लागते. इंजेक्शन देऊन मारण्याची परवानगी यात नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. गरिबाला इस्पितळाच्या दारातून परत पाठवण्यासाठी हा कागद कोणी वापरू नये. उपचार मिळणे हा पहिला हक्क आहे. निरर्थक यातना नाकारणे हा त्यानंतरचा. म्हणून दबावाखाली, घाईत किंवा न वाचता सही करू नका.

अंत्यविधीचे मात्र वेगळ्या कागदावर लिहा. मालमत्तेचे मृत्युपत्र बहुधा सगळे उरकल्यावर उघडले जाते, तेव्हा त्यातली विधीची इच्छा वाया जाते. त्रिशरण-पंचशील कोणी द्यायचे, दहन की दफन, नेत्रदान किंवा देहदान करायचे का, हे साध्या शब्दांत लिहा. नेत्रदान चार ते सहा तासांत व्हावे लागते आणि देहदानाला नातेवाईकांचा होकार लागतो. तेव्हा कागद कपाटात कुलूपबंद न ठेवता बायकामुलांना वाचून दाखवा. जलदानविधीला जेवणावळी घालून मुलांनी कर्ज काढू नये, हेही स्पष्ट लिहा. श्राद्ध सोडले आणि श्राद्धाचा खर्च ठेवला, तर आपण काय सोडले?

मृत्युपत्रालाही मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते. नोंदणी ऐच्छिक आहे. त्यात लेकीला आणि पत्नीला विसरू नका. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे भाषणात सांगणाऱ्यांनी आपल्या घरच्या कागदावर ते आधी उतरवावे.

शतकानुशतके आपल्याला लिहू दिले नाही. ज्यांनी देशाची घटना लिहिण्यात सिंहाचा वाटा उचलला, त्यांचे आपण अनुयायी. तरी शेवटचा शब्द मात्र आपण चुलत्याच्या आणि डॉक्टरच्या हाती सोडून देतो. विहारातील वंदनेनंतर एखादा रविवार या कामाला द्या. गावातला वकील आणि डॉक्टर बोलवा. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी पहिली सही करावी. बाकीचे आपोआप पुढे येतील.