काकांचा तांब्या आणि प्रयोगशाळेतला उंदीर

उंदराशी माझा संबंध आजवर दोनच नात्यांनी आला होता. एक गणपतीचे वाहन म्हणून आणि दुसरा आमच्या धान्याच्या कोठीचा शत्रू म्हणून. कला शाखेच्या विद्यार्थ्याला याहून अधिक उंदीर हवा तरी कशाला, असेच मी समजत होतो. परंतु गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला पांढऱ्या उंदरांवरील काही प्रयोगांचा विषय निघाला. सरांनी दिलेले लेख ग्रंथालयात बसून वाचले, आणि आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणाचा निकाल मला त्यांत सापडला. तो आमच्या विरुद्ध होता.

भांडण होते तांब्याचे. माझ्या धाकट्या काकांना मनाचा आजार आहे. कधी ते रात्र रात्र जागून नव्या घराचे नकाशे काढीत, तर कधी आठ-आठ दिवस अंथरूण सोडीत नसत. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि काका हळूहळू माणसांत आले. पण एक नवेच सुरू झाले. उशाशी भरून ठेवलेला तांब्या मध्यरात्रीच रिकामा होई. मग माठाच्या झाकणाचा आवाज, मग मोरीचे दार, मग पुन्हा माठ. आजी करवादे, "अरे, पोटात काय विहीर खणली आहेस?" बाबा म्हणत, "इतके पाणी पितोस म्हणून उठावे लागते. मनाला जरा आवर घाल." शेवटी ठरले, रात्री आठनंतर काकांना पाणी द्यायचे नाही. माठ आजीच्या खोलीत गेला. तो उचलून नेला मीच.

काही दिवसांतच काकांचे हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. डॉक्टर आमच्यावरच रागावले. या गोळ्या घेणाऱ्याचे पाणी कधी तोडायचे नसते; शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि औषधाचे विष होते. काका बरे झाले, माठ जागेवर आला. पण काकांना एवढी तहान का लागते, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. त्यांनाही ते सांगता आले नसते. सांगितले ते उंदरांनी.

उंदीर हा निशाचर प्राणी. तो आपले बहुतेक पाणी रात्रीच पितो. त्याला कायम अंधारात ठेवले तरी पिण्याची आणि झोपण्याची पाळी चुकत नाही. फक्त त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा होतो. म्हणजे घड्याळ बाहेर नसून आत आहे. १९७२ साली अमेरिकेत बर्कली येथे स्टीफन आणि झुकर या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असलेला पेशींचा एक चिमुकला पुंजका नष्ट केला. उंदीर पाणी पीतच राहिला, पण दिवस-रात्रीचा भेद उरला नाही. तहान शाबूत राहिली, वेळ हरवली.

आता दुसरा उंदीर पाहा. अमेरिकेतील ब्रॅटलबरो या गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंदरांची एक जात १९६१ पासून अभ्यासकांना ठाऊक आहे. मूत्रपिंडाला 'पाणी राखून ठेव' असे सांगणारे व्हॅसोप्रेसिन नावाचे द्रव्य या उंदरांच्या शरीरात जन्मतःच तयार होत नाही. त्यामुळे पाणी वाहून जाते, आणि हा प्राणी दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी पितो. तरी त्याची पिण्याची लय टिकून असते. इथे वेळ शाबूत, तहान बेसुमार.

तिसरा उंदीर आमच्या काकांचा भाऊबंद. त्याला लिथियम दिले जाते. १९८० साली क्रिप्की आणि वायबॉर्नी यांनी दाखविले की लिथियमने उंदराचे आतले घड्याळ मंद चालते. त्याच्या दिवसाची फेरी लांबते. याच लिथियममुळे मूत्रपिंड व्हॅसोप्रेसिनला दाद देईनासे होते. निरोप येतो, पण ऐकला जात नाही. पाणी शरीराबाहेर जाते, आणि गेलेले भरून काढण्यासाठी उंदीर पुनःपुन्हा नळीला तोंड लावतो.

आधी पाणी जाते, मग तहान लागते! काका पाणी पितात म्हणून त्यांना उठावे लागत नव्हते. शरीरातले पाणी जात होते म्हणून त्यांना प्यावे लागत होते. आम्ही कार्यालाच कारण ठरविले आणि त्या उलट्या न्यायाने एका आजारी माणसाला तहानलेले ठेवले.

वर्गातील एका मित्राने आक्षेप घेतला, "माणूस म्हणजे उंदीर नव्हे." खरे आहे. उंदराचे घड्याळ मंदावते, एवढ्यावरून काकांचे मन त्यामुळेच शांत झाले असे म्हणता येणार नाही. पण मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र लिथियम उंदराशी आणि माणसाशी सारखेच वागते. आणि माझे म्हणणे त्याहून साधे आहे. उंदराला कोणी 'सवय लावून घेतलीस' असे म्हणत नाही. त्याच्या स्वभावाला दोष देण्याची सोय नसल्यामुळे संशोधकाला कारण शोधावेच लागते. माणसाच्या बाबतीत ती सोय आपल्याला आहे, आणि आपण ती मुक्तहस्ताने वापरतो. हट्टी, आळशी, संयम नसलेला ही विशेषणे तयारच असतात. ती लावली की विचार संपतो.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी माणसाच्या वागण्याचा अर्थ लावण्यात स्वतःला तरबेज समजतो. नाटकातले पात्र असे का वागले, यावर आपण दहा पाने लिहितो. हेतू, संस्कार, परिस्थिती सगळे तपासतो. त्या यादीत शरीराला मात्र जागा नसते. ते आपण विज्ञान शाखेच्या हवाली करून मोकळे झालो आहोत. हे बदलले पाहिजे असे मला वाटते. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की मानसशास्त्राच्या तासाला हे प्रयोग परीक्षेपुरते न शिकविता, घरात अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांना काय ठाऊक असले पाहिजे, तेही सांगावे. साध्या मराठीत एक पानभर मजकूर लिहून तो गावात वाटण्याचे काम आम्ही विद्यार्थी करू. डॉक्टरांनी तो आधी तपासून द्यावा, म्हणजे झाले.

काकांच्या उशाशी आता दोन तांबे असतात. संध्याकाळी ते मी भरतो. मागच्या आठवड्यात आजीने विचारले, "उंदराकडून शिकलास म्हणे?" मी होय म्हणालो. ती काही बोलली नाही. उठली आणि दुसऱ्या तांब्यावर फुलपात्र पालथे घालून आली.