दाराशी आलेली बाई



दुपारची झाकपाक झाली, की घटकाभर पुस्तक हाती घेणाऱ्या आपण. गरिबी, हाव आणि त्यातून होणारी माणसाची घसरण हल्लीच्या भारतीय कादंबऱ्यांत वारंवार भेटते. अरविंद अडिगांच्या 'द व्हाइट टायगर'ला २००८ साली बुकर पारितोषिक मिळालं. त्यात गरीब ड्रायव्हर मालकाचा खून करून वर येतो. आपण वाचतो, 'बाई गं, काय ही दुनिया!' म्हणतो आणि पुस्तक मिटतो. ती दुनिया आपली थोडीच असते?

विवेक शानभागांची 'घाचर घोचर' मात्र अशी मिटता येत नाही. ही छोटीशी कन्नड कादंबरी २०१३ सालची. श्रीनाथ पेरूर यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आहे. बंगळूरचं साधं कुटुंब. घर इवलंसं, वडील फिरते विक्रेते, आई मुंग्यांशी लढून बेजार. ओळखीचं वाटतं ना? वडिलांची नोकरी जाते, काका मसाल्याचा धंदा काढतात आणि तो फळफळतो. मोठं घर होतं. मग काकांचा शब्द कुणी मोडत नाही. त्यांचा चहा कधीही, जेवण मागतील तेव्हा!

एक दिवस एक बाई काकांना भेटायला येते. हातात त्यांच्या आवडीच्या मसुराच्या आमटीचा डबा. काका आतून बाहेरच येत नाहीत. तिला वाटेल ते बोलून हाकलतात त्या घरातल्याच बायका, सासू आणि नणंद. नवी सून अनिता तेवढी म्हणते, की हे बरं झालं नाही. पुढचं तुम्हीच वाचा.

खरं सांगते, ती पानं वाचताना दारातल्या बाईपेक्षा आतल्या बायकांनीच माझी झोप उडवली. त्या काही दुष्ट नव्हेत हो! गरिबी भोगलेल्या, पुन्हा त्या मुंग्यांच्या घरात जायची धास्ती घेतलेल्या. 'कमावत्याला दुखवू नये' हे तर आपणही माहेराहून शिकून आलो. त्याच शिकवणीपायी आपण काय काय पोटात घालतो!

घरात नवी वस्तू आली, की आपण लगेच विचारतो, 'केवढ्याला पडली?' यापुढे आणखी एक विचारून पाहा, 'पैसे कुठून आले?' घरातले रागावतील. रागावू देत.