क्रिकेटचा सट्टा आणि सातबारा

पूर्वीं गांवच्या पारावर पत्त्यांचा डाव बसे, तेव्हां जुगारी कोण हें साऱ्या गांवास ठाऊक असे. आतां सट्टा खिशांतील मोबाईलमध्यें शिरला आहे. मनुष्य बांधावर बसून क्रिकेटच्या चेंडूगणिक पैसे लावतो आणि शेजारीं निंदणी करणाऱ्या बायकोस त्याचा पत्ता लागत नाहीं. हें व्यसन उडाणटप्पू पोरांपुरतें न राहतां कर्त्या घरधन्यांस जडूं लागलें आहे, म्हणून या मासिकांत त्याचा विचार होणें अवश्य वाटतें.

जुगाराचा आणि शेतमालाचा संबंध आपल्या प्रांतास नवा नाहीं. न्यूयॉर्कहून मुंबईस तारेनें येणाऱ्या कापसाच्या भावांवर आंकडा लावण्याचा प्रकार येथें एके काळीं बोकाळला होता. १९६१ सालीं ते भाव येणें बंद झालें, तर खेळविणारांनीं मडक्यांतून चिठ्या काढण्यास आरंभ केला व त्यास ‘मटका’ हें नांव पडलें. तात्पर्य, खेळविणारास कापसाचें प्रेम नव्हतें, तसें क्रिकेटचेंही नाहीं. त्यास लावणारा पाहिजे.

‘शेती हाच मोठा जुगार आहे, पावसाच्या भरंवशावर पेरणी करणारानें सामन्यावर शंभर रुपये लावले तर काय बिघडलें?’ असें कित्येक म्हणतात. हा युक्तिवाद वरवर खरा भासतो. पण पीक बुडालें तरी जमीन राहते, कडबा राहतो, पुढील हंगामास उपयोगी पडणारा अनुभव राहतो. सट्ट्यांत गेलेल्या रुपयांतून कांहींच उरत नाहीं. शिवाय खेळविणारा प्रत्येक डावांतून आपला वांटा काढून घेतो. तो शेंकडा १० धरला, तर १०० रुपये दहा वेळां फिरवितां सरासरीनें अवघे ३५ शिल्लक राहतात. एखादे दिवशीं कोणी जिंकतो, हें खरें. परंतु तें जिंकणेंच घातक, कारण त्याच्या आठवणीवर तो पुढें वर्षभर हरत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेचें २०२२ पासून अमलांत असलेलें रोगांचें वर्गीकरण जुगाराच्या अनावर ओढीस व्यसनजन्य विकारांत गणतें. तेव्हां अशा माणसास नुसता दम देऊन किंवा शपथ घालून भागत नाहीं. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींत विनामूल्य सल्ला मिळतो. तो घेण्यांत कमीपणा नाहीं.

२०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें ऑनलाईन खेळांविषयीं कायदा मंजूर केला व २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावण्याचा खेळ कौशल्याचा कीं दैवाचा, हा जुना वाद त्यानें बाजूस सारिला. खेळविणारास ३ वर्षेंपर्यंत कैद व १ कोट रुपयांपर्यंत दंड सांगितला आणि खेळणारास मात्र गुन्हेगार ठरविलें नाहीं. कायदा स्तुत्य आहे. तथापि परदेशांत बसलेले खेळविणारे नवनव्या नांवांनीं दुकानें मांडतात आणि पैसे तिऱ्हाइतांच्या खात्यांवरून फिरवितात. सरकारचा हात त्यांच्यापर्यंत पोंचेतों आपलें घर धुऊन निघालेलें असतें.

महसुलाच्या कामांत हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास कर्जबाजारी घराचा मार्ग दप्तरांतून दिसलेला आहे. सवलतीचें पीककर्ज बियाण्याखतासाठीं असतें. तें सट्ट्यांत गेलें म्हणजे त्याच बियाण्यासाठीं सावकाराचें दार ठोठवावें लागतें. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत प्रथम सोसायटीचा बोजा चढतो, मग बँकेचा, आणि शेवटीं खरेदीखताचा फेरफार. प्रत्येक नोंद कायदेशीर, प्रत्येक सही घरधन्याची. आणि घरांतील बाईस हें कळतें तें घेणारा मोजणीस आल्यावर!

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यांस हें व्यसन नाहीं त्यांनींच प्रथम सातबाऱ्यावर पत्नीचें नांव सहधारक म्हणून लावून घ्यावें. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ति योजनेप्रमाणें पतीनें स्वेच्छेनें तलाठ्याकडे, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज केल्यास ही नोंद होऊं शकते. मग सबंध जमीन एकट्याच्या सहीनें जाणार नाहीं. यांत पुरुषाचा अधिकार जातो, असा आक्षेप घेतला जाईल. पण बायकोच्या पाठीमागें जमीन गहाण टाकण्यापुरताच ज्या अधिकाराचा उपयोग, तो गेला तर रडावें कशास?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त जुगाऱ्याच्या दुःखाचें आहे. त्याची बायको दुरावते, तो ऋणको होतो, आणि अखेर त्यास फांसे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश मिळतो. शेती सोडून फांशांकडे निघालेल्या आपल्या बांधवांस तोच उपदेश आजही लागू आहे. पुढील हंगामाचें कर्ज उचलण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें हा विषय घरीं, बायकोमुलांसमक्ष काढावा, एवढीच विनंति.