भाषणाच्या आदल्या दिवशीची पोटदुखी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक दुखणे येते. मूल आठ ते चौदा वर्षांचे, बरोबर आई. पोटात दुखते, मळमळते, रात्री झोप नाही. तपासावे तर ताप नाही, जीभ स्वच्छ, पोट मऊ. मग मी विचारतो, "काय रे, टिळक पुण्यतिथीला भाषण आहे का?" मूल मान खाली घालते. आई म्हणते, "पाठ तर सगळं झालंय हो डॉक्टर. पण उभा राहिला की विसरतो. काहीतरी टॉनिक द्या ना."

वाचकहो, ही पोटदुखी म्हणजे ढोंग नव्हे. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन हा स्राव रक्तात सोडते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय थरथरतात, पोटाचे काम बिघडते. समोर वाघ असो की शंभर श्रोते, शरीर एकाच रीतीने वागते. यालाच आपण सभाकंप म्हणतो. काही मोठी माणसे यावर ठोके मंदावणाऱ्या गोळ्या परस्पर घेतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दमा असणाऱ्याला तर त्या घातक ठरू शकतात.

पण या मुलाला वाघ कुठे दिसतो? माझे मत असे की, तो त्याला आपणच दाखवतो. भाषण गुरुजी किंवा वडील लिहून देतात. मूल ते 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' पासून शेवटच्या 'जय हिंद' पर्यंत घोकते. एक शब्द सुटला की पुढची सगळी माळ तुटते. म्हणजे त्याला लोकांपेक्षा विसरण्याचीच भीती जास्त असते. आणि त्यावर आपला उपाय काय, तर "आणखी पाठ कर!" ज्याने दुखणे झाले, त्याचाच आणखी एक डोस.

हे मी अनुभवाने सांगतो. सातवीत असताना मी असाच मधेच थांबलो. सगळे हसले. त्यानंतर पंचवीस वर्षे मी माईकला हात लावला नाही. त्याने काही बिघडले नाही असे मला वाटत होते. पुढे एका गावात काविळीची साथ आली. पाण्याच्या नळाला गटाराचे पाणी लागत असावे, हे माझ्या रुग्णांच्या घरांवरून मला दिसत होते. ग्रामसभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून चार वाक्ये बोलायची होती. पण घसा कोरडा पडला आणि मी उठलोच नाही. शेवटी आरोग्यसेविका बाई उभ्या राहिल्या आणि बोलल्या. पाणी उकळून प्यायची दवंडी त्याच संध्याकाळी फिरली. त्या दिवशीची लाज मी अजून विसरलेलो नाही. सभाकंपाने माणूस फक्त बक्षिसाला मुकतो असे नाही.

पुढे मुलीला नाट्यशिबिरात सोडायला गेलो, तर तिथल्या ताईंनी मलाही वर्तुळात उभे केले. तिथे कोणाच्याच हातात संहिता नव्हती. पहिला खेळ आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. मग सर्वांनी मिळून गोष्ट सांगायची, प्रत्येकाने एकच शब्द. मग 'हो, आणि'. जोडीदार म्हणाला, "एसटी चुकली", की आपण "नाही" म्हणायचे नाही. "हो, आणि डबाही तिच्यातच राहिला" असे पुढे न्यायचे. मी चुकलो तेव्हाही सगळे हसले. पण ते माझ्याबरोबर हसले. तासाभराने लक्षात आले की, छाती धडधडत नव्हती. जोडीदाराकडे लक्ष देण्याच्या नादात स्वतःकडे पाहायला मला सवडच मिळाली नव्हती.

हे खेळ मुळात मुलांसाठीच निघाले. अमेरिकेतील शिकागोत व्हायोला स्पोलिन या बाईंनी 1939 च्या सुमारास परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांसाठी असे नाट्यखेळ रचले. 1963 साली त्यांचे पुस्तक निघाले. शाबासकी आणि नापसंती या दोन्हींच्या ओढीने मूल मोकळेपणा गमावते, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडमध्ये कीथ जॉनस्टन यांनीही याच वाटेने काम केले. नाटकात येण्यापूर्वी ते शाळामास्तर होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात नटांच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. कथानक आणि कोणाचे सोंग कोणते एवढे ठरले की, बाकीचे बोलणे रंगमंचावरच सुचते. तमाशातल्या सोंगाड्याची हजरजबाबी तर सर्वांना ठाऊक आहे. ही विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. शाळेच्या स्टेजवर मात्र आपण तिला येऊ दिलेले नाही.

हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या शाळांत दहा आठवडे असे वर्ग घेतल्यावर लोकांत वावरण्याची मुलांची भीती कमी झाली, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पण एका अभ्यासावरून सिद्धान्त मांडू नये. आणि जे मूल शाळेतच जाईनासे झाले आहे, चारचौघांत जेवतही नाही, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यावे. बुजऱ्या मुलाला ढकलून मधे उभे करणे हाही उपाय नव्हे. आधी जोडी, मग चौघे, मग वर्ग, अशी पायरी हवी.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक तास असे खेळ घ्यावेत. खर्च काही नाही. एक मोकळी खोली आणि न रागावणारे एक शिक्षक पुरेत. त्या तासाला परीक्षक नको, क्रमांक नको, टाळ्या घ्यायला बोलावलेले पालकही नकोत. स्पर्धा असेल तर मुलाला लिहून दिलेल्या भाषणाऐवजी तीन मुद्दे द्यावेत आणि ते त्याच्याच शब्दांत बोलू द्यावे. घरी रात्री जेवताना एक-एक वाक्याची गोष्ट सर्वांनी मिळून रचावी. त्यात वडिलांनीही चुकावे. वडील चुकून हसतात, हे मुलाला एकदा दिसू द्यावे.

आईने मागितलेले टॉनिक मी आता लिहून देत नाही. त्या मुलाला मी विचारतो, "टिळकांची कोणती गोष्ट तुला खरंच आवडली?" ते शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगू लागते, आपल्याच भाषेत, हातवारे करून. मग मी आईला म्हणतो, "ताई, भाषण झालं की! आता हेच उद्या शाळेत बोलू द्या."